ढिल्या खुब्याच्या पिल्लाला किती आणि कसं चालवायचं?

आमची कुत्री खारी झोपेतून उठते तेव्हा मी हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघते. आधी ती पुढचे दोन पाय ताणते, क्षणभर तशीच थांबते आणि मग मागचं धड वर उचलते. त्यानंतरची पहिली दहा पावलं मी मोजते. ती मोकळी पडली तर त्या दिवसाचं फिरणं ठरल्याप्रमाणे. आखडलेली पडली तर कालचं काहीतरी जास्त झालं होतं, असं समजायचं आणि आज कमी करायचं. हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा सैल, नीट न घडलेला असणं) असलेल्या लहान कुत्र्याच्या व्यायामाबद्दल मला एकच गोष्ट सांगायला सांगितली, तर मी ही दहा पावलं सांगेन.

खारी लॅब्रेडोर आहे, रंगाने बेकरीतल्या खारीसारखी, म्हणून हे नाव. आठ महिन्यांची असताना ती पळताना मागचे दोन्ही पाय जोडीने टाकायला लागली, सशासारखे. आम्हाला ते गोड वाटायचं, आम्ही व्हिडिओ काढायचो. मग ती गाडीत चढताना थांबायला लागली. भूल देऊन एक्स-रे काढला आणि दोन्ही खुब्यांना डिस्प्लेशिया असल्याचं कळलं.

त्यानंतरच्या आठवड्यात सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, हाडाचं दुखणं आहे, अजिबात हलू देऊ नका. एका प्रशिक्षकाने सांगितलं, मोठी जात आहे, रोज तासभर पळवा, आपोआप सुटेल. आम्ही आधी पंधरा दिवस तिला घरात बांधून ठेवलं, मग घाबरून मैदानात सोडलं. दोन्ही वेळा तिचं दुखणं वाढलं. असं का झालं, ते खुब्याची रचना समजली तेव्हा उमगलं.

शाळेत आपण 'उखळीचा सांधा' शिकलो तो हाच. मांडीच्या हाडाचा वरचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खळग्यात बसतो आणि सगळीकडे फिरतो. चांगल्या खुब्यात ही उखळ खोल असते आणि माथा तिच्यात घट्ट बसतो. डिस्प्लेशियात ती बशीसारखी उथळ असते आणि तिला धरून ठेवणारे बंध सैल असतात. कुत्रं पाय टाकतं तेव्हा माथा थोडा बाहेर सरकतो, पाय उचलला की परत आत जातो. प्रत्येक पावलाला सरकणं आणि आदळणं चालू राहतं.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे खुबे सहसा ठीकच दिसतात. सैलपणा पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत येतो, नेमका हाडं कोवळी असताना. कुंभाराच्या चाकावरचं मडकं ओलं असताना आतला हात हलला तर काठ फाकतो, तसं इथे होतं. माथा जागेवर नसला की उखळीचा काठ हवा तसा घडत नाही. मग आतली गुळगुळीत कूर्चा झिजते आणि शरीर त्या डगमगत्या सांध्याला आधार द्यायला कडेने नवं हाड चढवतं. पुढे त्यालाच आपण संधिवात म्हणतो.

कुत्र्यांमधला हा विकार १९३५ मध्ये अमेरिकेत श्नेल नावाच्या पशुवैद्याने पहिल्यांदा नोंदवला. लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा भरभर वाढणाऱ्या मोठ्या जातींत तो जास्त दिसतो. तो अनेक जनुकांमधून येतो, त्यामुळे आई-बाप धडधाकट दिसले तरी पिल्लाला होऊ शकतो. पण सगळंच रक्तावर नसतं. नॉर्वेमध्ये चार मोठ्या जातींच्या सुमारे ५०० पिल्लांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांना धोका जास्त होता आणि त्याच वयात बाहेर मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांना कमी. म्हणजे हालचाल वाईट नाही, कुठली हालचाल आणि कशावर, याने फरक पडतो.

आता स्नायूंकडे येते, कारण व्यायामाचा सगळा उद्देश तिथे आहे. व्यायामाने उथळ उखळ खोल होत नाही. सैल झालेले बंध परत आवळले जात नाहीत. पण खुब्याभोवती, पुठ्ठ्यात (ढुंगणाच्या मांसल भागात) आणि मांडीत, जाड स्नायू असतात आणि ते भक्कम असले तर माथ्याला चहूबाजूंनी आवळून जागेवर धरतात. गावाकडे बैल बघताना पुठ्ठा भरलेला आहे का, यावर हात फिरवून बघतात. आमच्या डॉक्टरांनी खारीचा पुठ्ठा तसाच चाचपला आणि माझा हात तिथे ठेवला. खांदे दणकट आणि मागे मात्र हाताला हाडं लागत होती. दुखतं म्हणून ती वजन पुढच्या पायांवर टाकत होती, त्यामुळे मागचे स्नायू वापराविना उतरले होते, आणि ते उतरले म्हणून खुबा अजून डगमगत होता.

बांधून ठेवल्यावर तिचं वाढलं ते यामुळे, उरलेसुरले स्नायूही गेले. आणि मैदानात सोडल्यावर वाढलं कारण कमकुवत स्नायूंच्या जोरावर ती गर्रकन वळत होती, उड्या मारत होती, म्हणजे माथा आणखी जोरात बाहेर सरकत होता. तिला हवं होतं रोजचं, ठरावीक, एकाच मापाचं काम. रविवारी दोन तास आणि सोमवार ते शनिवार दहा मिनिटं, हे तर सगळ्यात वाईट. नोकरी करणाऱ्या घरांत हेच होतं आणि आमच्याकडेही होत होतं.

चालण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण निम्मं काम तिथेच होतं. आणि ते हळू चालण्याने होतं, हे मला पटायला वेळ लागला. कुत्रं जोरात पळतं तेव्हा दोन्ही मागचे पाय एकदम टाकून दुखऱ्या खुब्यावरचा भार वाटून घेऊ शकतं. सशासारख्या उड्या म्हणजे तीच पळवाट. भराभर चालतानाही एखाद्या पायावर कमी वजन टाकून ते निभावून नेतं. पण अगदी सावकाश चालताना तशी सोय नसते. प्रत्येक मागचा पाय वेगळा उचलावा लागतो, ठेवावा लागतो आणि तेवढा वेळ त्याच्यावर उभं राहावं लागतं. स्नायू त्यानेच भरतात. आपण सोसायटीत आजीबरोबर चालतो ना, तो वेग. पट्टा आखूड पण सैल हवा. कुत्रं पट्टा ओढतं तेव्हा जोर मागच्या पायांनी लावतं, म्हणून ओढू द्यायचं नाही. गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस बरा.

आम्हाला फिजिओने सुरुवात करून दिली ती दहा मिनिटांची, दिवसातून तीनदा. आठवडाभर सकाळची पावलं मोकळी पडली तर एका फेरीत थोडी मिनिटं वाढवायची, नाहीतर तिथेच राहायचं. चार महिन्यांनी खारी पंचवीस मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एक छोटी फेरी करायला लागली. तुमच्या पिल्लाचा आकडा वेगळा असेल. 'वयाच्या प्रत्येक महिन्याला पाच मिनिटं' असा एक हिशेब लोक सांगतात. अंदाजाला ठीक आहे, पण त्यामागे ठोस संशोधन नाही आणि डिस्प्लेशियाच्या पिल्लाला तो डोळे झाकून लावू नये.

जमीन कुठली, हे मिनिटांइतकंच महत्त्वाचं. पुण्यात आपलं नशीब चांगलं, टेकड्या जवळ आहेत. मातीची, दाबून बसलेली वाट उत्तम. डांबर आणि काँक्रीट कडक, शिवाय एप्रिल-मेमध्ये पंजे भाजतात. आपल्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर ठेवता आली नाही तर कुत्र्याला त्यावर चालवू नये. उन्हाळ्यात आम्ही सहाच्या आत बाहेर पडतो.

चढाचा उपयोग पुढच्या टप्प्यात होतो. हलक्या चढावर वजन आपोआप मागे जातं आणि पुठ्ठ्याला काम मिळतं. वेताळ टेकडीवर माथ्यावर पोहोचल्यानंतर जो पसरट, सौम्य चढउताराचा भाग लागतो तसा. खडी चढण नको. आपल्याकडच्या टेकड्यांवर मुरूम असतो आणि उतरताना सुटा मुरूम पायाखालून सरकतो. एकदा खारीचा मागचा पाय तसा बाहेरच्या बाजूला फाकला आणि पुढचे दोन दिवस ती लंगडली. तेव्हापासून उतरताना आम्ही नागमोडी उतरतो, थांबत थांबत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या किंवा सिंहगडाची चढाई या कुत्र्यासाठी नाही. गडावर पाळलेली कुत्री धावत जाताना दिसतात तेव्हा मलाही वाईट वाटतं, पण खारीची इयत्ता वेगळी आहे.

घरात करायचा सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे उठबस. ऐकायला सोपा आहे, पण नीट करून घेतला नाही तर उपयोग नाही. या कुत्र्यांना बसताना एक पाय बाजूला टाकून, एका कुल्ल्यावर फतकल मारायची सवय असते. त्यामुळे उठताना सगळा जोर एकाच पायावर किंवा पुढच्या पायांवर येतो. आम्ही खारीला हॉलच्या कोपऱ्यात घेतो, तिचं अंग भिंतीला लागेल असं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला माझा गुडघा, खाली योगा मॅट. खाण्याचा दाणा नाकापासून थोडा वर नेला की ती सरळ बसते, दोन्ही गुडघे पोटाखाली. मग दाणा नाकासमोरून पुढे नेते, वर नाही. ती पुढे झुकते, मागचे दोन्ही पाय जमिनीला रेटतात आणि मांडीचे स्नायू ताठ झालेले तिच्या केसांखालूनही दिसतात. तो क्षण खरा व्यायामाचा. पाच वेळा झालं की पुरे. सहाव्या वेळी ती परत फतकल मारते, म्हणजे स्नायू दमले. तिथे थांबायचं. बसतानाच कुत्रं कण्हत असेल किंवा बसायला नकारच देत असेल, तर हा व्यायाम त्याच्यासाठी अजून नाही.

दुसरा व्यायाम काठ्यांचा. मोपच्या चार काठ्या जमिनीवर आडव्या ठेवायच्या, दोन काठ्यांमध्ये साधारण कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढं अंतर. त्यावरून पट्ट्याने सावकाश चालवायचं. प्रत्येक काठीपाशी पाय उचलावा लागतो, कुठे ठेवतोय याचं भान येतं, खुबा त्याच्या झेपेल तेवढ्या पल्ल्यात हलतो. उडी मारली तर वेग जास्त आहे असं समजायचं. काठ्या उंच करण्याची घाई नको, आमच्या तर अजून जमिनीवरच आहेत.

पाण्याबद्दल सगळे विचारतात. पाण्यातला व्यायाम खरंच चांगला, कारण पाणी वजन उचलून धरतं. पाणी कुत्र्याच्या घोट्यापर्यंत असेल तर पायांवर वजनाचा सुमारे ९१ टक्के भार येतो, गुडघ्यापर्यंत ८५ टक्के आणि खुब्यापर्यंत आलं की सुमारे ३८ टक्केच. पाण्याखालच्या ट्रेडमिलवर याच हिशेबाने चालवतात. पोहणंही चांगलं, पण आत उतरायला उतार हवा आणि अंगात लाइफ जॅकेट हवं. काठावरून उडी मारून शिरणं आणि निसरड्या पायरीवरून धडपडत बाहेर येणं, यात पोहण्याने कमावलेलं सगळं जातं. खडकवासल्याच्या बॅकवॉटरला किंवा नदीत नेऊ नका. तळ दिसत नाही, चिखलात पाय रुततो, आणि मुठेच्या पाण्याची शहरातली अवस्था आपल्याला माहीत आहे.

बंद काय करायचं? आमच्या घरात पहिला बंद झाला चेंडू. चेंडूमागे कुत्रं पूर्ण वेगाने सुटतं, करकचून थांबतं आणि मागच्या पायांवर गर्रकन वळतं. ढिल्या खुब्याला याहून वाईट काही नाही. फ्रिस्बी, दोन पायांवर उभं राहून अंगावर येणं, मोठ्या कुत्र्यांशी दांडगाई, गाडीतून खाली उडी, हे सगळं त्याच माळेतलं. जिना टाळता येत नसेल, जुन्या पुण्यात लिफ्ट नसलेल्या इमारती खूप आहेत, तर पोटाखालून मागच्या पायांच्या पुढे जाड टॉवेल घेऊन आधार द्यायचा आणि एकेक पायरी चालत न्यायचं. भटकी कुत्री अंगावर धावतात तेव्हा झटका बसतो, म्हणून आम्ही गल्ली बदलली. दिवाळीत फटाक्यांच्या वेळेआधीच फिरून येतो, कारण दचकून सुटलेलं कुत्रं खुब्याचा विचार करत नाही.

आणि घरातली फरशी. चकचकीत टाइल्सवर खारी पाणी प्यायला उठायची तेव्हा मागचे पाय दोन दिशांना जायचे. दिवसभरात हे किती वेळा होत असेल, याचा आम्ही विचारच केला नव्हता. सतरंजी टाकली तर ती सतरंजीसकट सरकायची. शेवटी खाली रबरी जाळी घालून तिच्या वाटेवर, पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत, चटया पसरल्या. पंजांच्या गाद्यांमधले केस कापले आणि नखं लहान ठेवली. चालताना फरशीवर नखांची टकटक ऐकू येत असेल तर नखं वाढली आहेत. घर बघायला चांगलं दिसत नाही, पण तिचं घसरणं थांबलं.

तरुण कुत्र्याची रग एवढ्याने जिरत नाही, हा प्रश्न खरा आहे. तिथे नाक कामाला येतं. जुन्या टॉवेलच्या घड्यांत तिच्या जेवणातले दाणे लपवून गुंडाळी करायची आणि ती शोधायला लावायची. फिरताना झाडापाशी हुंगू द्यायचं, घाई करायची नाही. वीस मिनिटं हुंगून आलेलं कुत्रं चेंडूने दमलेल्या कुत्र्याइतकंच गाढ झोपतं.

आता वजन. याबाबतीत मला सौम्यपणे लिहिता येत नाही, कारण पुण्यातली निम्मी लॅब्रेडोर मला लठ्ठ दिसतात आणि घरच्यांना ती गुटगुटीत वाटतात. अमेरिकेत ४८ लॅब्रेडोर पिल्लांचा जन्मभर अभ्यास झाला. जोड्या लावल्या, एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं. कमी खाणारी कुत्री साधारणपणे १३ वर्षं जगली, दुसरी ११.२ वर्षं. आणि खुब्याचा संधिवात एक्स-रेमध्ये दिसायला लागण्याचं साधारण वय जास्त खाणाऱ्यांत ६ वर्षं होतं, कमी खाणाऱ्यांत १२. एवढा फरक पाडणारं दुसरं औषध मला माहीत नाही. फासळ्या दिसू नयेत पण हलका हात फिरवला की बोटांना लागाव्यात, वरून बघितलं तर कंबर दिसावी. आमच्या समोरच्या काकू जिन्यात भेटल्या की म्हणतात, "अगं, किती वाळलीय ती! खायला घालत नाहीस का?" मी त्यांना खारीच्या फासळ्यांवरून हात फिरवायला लावला. चहाबरोबरची बिस्किटं, तूप लावलेली पोळी, आजीच्या ताटातला शेवटचा घास, हे सगळं मोजायला लागलो तेव्हा कळलं की डब्यातल्या खाण्यापेक्षा वरचंच जास्त होतं. व्यायामाचे दाणेही रोजच्या मापातूनच काढायचे.

कॅल्शियमच्या बाटलीबद्दल थोडं. हाडाचं दुखणं म्हटलं की घरोघरी कॅल्शियमचं सिरप सुरू होतं. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम देणं हानिकारक आहे. लहान वयात जादा कॅल्शियम शोषणं त्यांच्या आतड्याला थांबवता येत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाणं चालू असेल तर त्यात पुरेसं असतं. आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, अर्धीसुद्धा देऊ नका. कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड, यकृत त्याने निकामी होऊ शकतं. कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टर देतात. दुखणं आटोक्यात असेल तरच पिल्लू पाय नीट टाकेल आणि व्यायामाचा उपयोग होईल, म्हणून औषध घेणं म्हणजे हार मानणं नव्हे.

एक्स-रे बघून घाबरू नका असं मी नवीन मंडळींना सांगते. एक्स-रे वाईट आणि कुत्रं मजेत, किंवा उलट, असं पुष्कळदा असतं. साधारण पाच ते बारा महिन्यांच्या काळात बरीच पिल्लं सैलपणामुळे दुखतात आणि वर्ष-दीड वर्षाला, हाडांची वाढ थांबत येते तेव्हा, सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन त्यांना बरं वाटायला लागतं. पण निदान लांबवू मात्र नका, कारण काही शस्त्रक्रियांना वयाची मुदत असते. कमरेच्या हाडाची वाढ वळवणारी एक लहान शस्त्रक्रिया साधारण पाच महिन्यांच्या आतच करता येते. उखळीचा कोन बदलणारी दुसरी साधारण दहा महिन्यांपर्यंत, तीही संधिवात सुरू झाला नसेल तर. माथा काढून टाकणं किंवा पूर्ण खुबा बदलणं नंतरही होतं. आमची पहिली मुदत तर निघून गेली होती. नसबंदी कधी करायची हेही मोठ्या जातीत डॉक्टरांशी बोलून ठरवा, फार लवकर केली तर काही जातींत सांध्यांचे विकार वाढलेले दिसले आहेत.

फिरून आल्यावर लंगडणं, खुब्याजवळ सारखं चाटणं, हात लावला की वळून बघणं, खेळायला न येणं, नेहमीपेक्षा जास्त झोपणं, यातलं काही दिसलं तर त्या दिवशी आराम आणि पुढच्या दिवशी निम्मंच फिरणं. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, किंवा एखादा पाय टेकवेनासाच झाला, तर डॉक्टरांकडे.

मी एक वही ठेवली आहे. तारीख, मिनिटं, जमीन कुठली, आणि दुसऱ्या दिवशीची दहा पावलं कशी. शिवाय महिन्यातून एकदा, त्याच वाटेवर, मागून, दोन मिनिटांचा व्हिडिओ काढते. रोज बघणाऱ्या डोळ्याला न दिसणारा बदल त्यात दिसतो. मागच्या महिन्याच्या व्हिडिओत पहिल्यांदाच तिचा पुठ्ठा चालताना डावी-उजवीकडे डुलत नव्हता आणि दोन मागचे पाय वेगवेगळे पडत होते, एक, मग दुसरा.